एक तृतीयांश घोडा

कायद्याच्या नजरेत माझी विजेवरची गाडी ही गाडीच नाही. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असलं, की केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ते मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नको, नंबरप्लेट नको, लायसन्स नको. दुकानदारानं हे मला इतकं रंगवून सांगितलं, की जणू नियम त्यानंच लिहिलाय. "मॅडम, तुम्हाला कुणी अडवूच शकत नाही," असा आशीर्वादही दिला. तो फळला. अडवत कुणीच नाही. थांबवून विचारतात सगळे.

आता २५० वॅट म्हणजे किती? एक हॉर्सपॉवर ७४६ वॅटची. आमचा मिक्सर साडेसातशे वॅटचा आहे, म्हणजे अख्खा घोडा. तो नारळाची चटणी वाटतो. त्याच्या एक तृतीयांश घोड्यावर बसून मी बावधनहून डेक्कनला ऑफिसात जाते. आणि घोड्याचा हा जो तिसरा हिस्सा माझ्या वाट्याला आलाय, त्यात पाय येत नाहीत. पाय आपले आपण लावायचे. म्हणून गाडीला पायडल.

गाडी घ्यायची कल्पना नवऱ्याची. त्यानं एक्सेलमध्ये तक्ता केला होता. पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा, पार्किंग, सगळ्याची बेरीज करून अमुक इतक्या महिन्यांत गाडी फुकट पडते हे त्यानं सिद्ध केलं, आणि स्वतः कारनं ऑफिसला गेला.

सासऱ्यांचा मात्र पहिल्या दिवसापासून विरोध. त्यांची स्वतःची एक मोपेड होऊन गेली आहे आणि ती अजून घरातून गेलेली नाही. फिरोदियांच्या किनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ मध्ये लुना काढली, पन्नास सीसीची, आणि मध्यमवर्गाला सायकलवरून उतरवलं. बाबा त्या उतरलेल्यांपैकी. लुनावर त्यांनी गॅसचा सिलिंडर, दळणाचा डबा, सासूबाई आणि माझा नवरा असे सगळे वाहिले आहेत; त्यांच्या सांगण्यावरून तर एकाच फेरीत. माझी गाडी घरी आली तेव्हा ते जिन्याखाली आले, चष्मा वर करून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पायडल उलटं फिरवलं आणि म्हणाले, "सूनबाई, लुनाला पायडल होतं ते चालू करायला. तुझ्या गाडीला आहे ते बंद पडल्यावर मारायला."

मी हे वाक्य मनावर घेतलं नाही. पण ते चढावर हमखास आठवतं. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी सोसायटी. आमच्याकडे सायकली जिन्याखाली फुकट लावता येतात आणि दुचाकीला वर्षाचं पार्किंग भरावं लागतं. मी जिन्याखाली लावली. दुसऱ्या दिवशी सीटवर चिकटपट्टीनं चिठ्ठी: "ही जागा सायकलींसाठी राखीव आहे. स्वयंचलित वाहन लावू नये. समजूतदारांस अधिक सांगणे न लगे." मी समजूतदारपणे सेक्रेटरींना जाऊन भेटले. "मोटर आहे ना तिला? मग ती टू-व्हीलर," ते म्हणाले. बरं. मी पार्किंगचे पैसे भरले, पावती घेतली आणि म्हटलं, आता खाली चार्जिंगला एक प्लग द्या. त्यावर सेक्रेटरींनी जुनं इतिवृत्त काढलं. चार्जिंग पॉइंट फक्त नोंदणीकृत वाहनांना, असा ठराव झालेला होता. तुमच्या गाडीला नंबर आहे का? नाही. "मग ती सायकल. सायकलला कशाला हवंय चार्जिंग?"

मी वार्षिक सभेत विषय काढला. बॅटरी ४८ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर. गुणाकार केला की ५७६ वॅट-अवर होतात. चार्जर तापण्यात थोडं जातं ते धरलं तरी पूर्ण चार्जिंगला पाऊण युनिट लागत नाही. दहा रुपयांच्या आतलं काम. हे मी फळ्यावर लिहून दाखवलं. सभागृहात शांतता पसरली. मग मागून एक काका म्हणाले, "आज पाऊण युनिट म्हणताय. उद्या सगळ्यांनी पाऊण पाऊण मागितलं तर?" टाळ्या पडल्या. चेअरमननी उपसमिती नेमली.

तेव्हापासून मी बॅटरी काढून, पिशवीत घालून, चौथ्या मजल्यावर नेते. चार किलोचं धूड. बघणाऱ्याला वाटतं मी कलिंगड आणलंय. ती लिफ्टनं नेते-आणते, आणि लिफ्टचं वीजबिल सोसायटी भरते. हा हिशेब उपसमितीच्या ध्यानात आलेला नाही. मीही आणून दिलेला नाही.

सकाळचा प्रवास सांगण्यासारखा नाही, कारण तो उताराचा आहे. चांदणी चौकातून कोथरूड डेपोपर्यंत रस्ताच गाडीला नेतो. कान पिळायचीही गरज नाही. ओढणीऐवजी स्कार्फ, स्कार्फवर हेल्मेट. या गाडीला हेल्मेट लागत नाही, तरी मी घालते. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढलेल्या शहरात, जिच्यावर सक्ती नाही अशी बाई आपणहून हेल्मेट घालते, हे काही लोकांना सहन होत नाही. सिग्नलला एका आजोबांनी मला विचारलं होतं, "तुम्ही पुण्याच्या नाही का?"

शहरात शिरलं की प्रश्न कुठून चालवायची हा. सायकल ट्रॅक म्हणून जी रंगीत फरशी अधूनमधून दिसते, तिच्यावर टपरी, उभी कार आणि झेंडूच्या रोपांच्या कुंड्या असतात. त्यांच्यामधून गेलं तर फिरायला निघालेले लोक ओरडतात, "ओ मॅडम, गाडी रस्त्यावर घ्या!" रस्त्यावर घेतली की मागून पीएमपीच्या बसचा ड्रायव्हर खिडकीतून मान काढतो, "ओ ताई, सायकल कडेला घ्या!" मोटरचा आवाज नाही, त्यामुळे मी आलेली कुणाला कळत नाही. गाडीला घंटीही आहे आणि हॉर्नही. घंटी वाजवली तर लोक कौतुकानं वळून बघतात आणि तिथेच उभे राहतात. हॉर्न लावला तर बघतही नाहीत, कारण तो एवढासा पिपाणीसारखा वाजतो आणि पुण्यात त्या पट्टीतलं काही ऐकू येण्याची सोय राहिलेली नाही. मी हल्ली सरळ "बाजूला व्हा हो" म्हणते.

नळ स्टॉपला मात्र समता आहे. वरून मेट्रो, तिच्याखालून उड्डाणपूल आणि त्याच्याखाली आम्ही सगळे. दीड कोटीची गाडी, रिक्षा, बुलेट आणि माझा एक तृतीयांश घोडा तिथे अगदी एका वेगानं जातात. ताशी २५ ची मर्यादा हा सरकारचा आशावाद आहे, हे तिथे कळतं. सिग्नलला थांबले की शेजारच्या स्कूटरवरून परीक्षा सुरू होते. कितीला पडली? एका चार्जिंगमध्ये किती जाते? पावसात शॉक बसत नाही का? उतारावर आपोआप चार्ज होते ना? शेवटच्या प्रश्नाला मी "नाही" म्हटलं, की विचारणाऱ्याचा चेहरा असा पडतो, जणू त्याचेच पैसे बुडाले. मोठ्या विजेरी गाड्यांत ब्रेक लावल्यावर थोडी वीज परत बॅटरीत जाते. माझ्या चाकातल्या मोटरला ते जमत नाही. सकाळचा उतार सगळा ब्रेकच्या रबरात जातो आणि संध्याकाळचा चढ सगळा माझ्या गुडघ्यांत.

तर चढ.

कोथरूड डेपोच्या पुढे रस्ता वर जायला लागतो. आधी कळत नाही. गाडीला कळतं. डिस्प्लेवर बॅटरीच्या चार कांड्या असतात. सपाटीला तीन दिसत असतील, तर चढाला लागल्याबरोबर एक होते. भार पडला की व्होल्टेज बसतं, म्हणून. थांबलं की परत तीन. म्हणजे बॅटरीत नक्की किती आहे हे पाहायचं तर चढायचं थांबावं लागतं, आणि थांबलं तर परत निघता येत नाही. वेग वीसवरून पंधरा, पंधरावरून अकरा. इथे पायडल मारायचं. दुकानदार म्हणाला होता, "पायडलची मदत करा, मोटर खूश राहते."

या पायडलची एक गंमत आहे. त्याला एकच गिअर. गाडी वीसच्या वेगात असली की पाय नुसते हवेत फिरतात, साखळीला लागतच नाहीत. गाडी थांबलेली असली की तेच पायडल एवढं जड, की अंगाचा सगळा भार घालूनही ते हलत नाही. ते खरोखर उपयोगी पडतं ते आठ ते बारा किलोमीटरच्या दरम्यान, आणि तेवढ्यात माणूस पडू नये म्हणून हँडल सांभाळत असतो. तरी मी मारते. धट्ट्याकट्ट्या माणसाचे पाय सलग मारून शंभरेक वॅट काढतात म्हणे. मी ऑफिसातून आलेली असते, पाठीला सॅक, पुढच्या बास्केटमध्ये मेथी. माझे चाळीस धरा.

आणि तुम्ही मोटारवाल्या गाडीवर पायडल मारताना दिसलात, की सगळा पौड रस्ता हळहळतो. "चार्जिंग संपलं का हो?" संपलेलं नसतं! पण ओरडून सांगायला दम उरलेला नसतो. एका संध्याकाळी खांद्याला चौकोनी पिशवी लावलेला डिलिव्हरीवाला मुलगा शेजारी आला. "काकू, टोचन देऊ का?" मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यानं डावा पाय माझ्या मागच्या फूटरेस्टला लावला होता. एकदम सव्वीस-सत्तावीसचा वेग. त्या क्षणी माझी गाडी कायद्याच्या व्याख्येबाहेर गेली. मी मेथी धरू की हँडल, अशा अवस्थेत आम्ही चांदणी चौकापर्यंत आलो. तिथला जुना पूल २०२२ मध्ये स्फोटानं पाडला आणि नवे रॅम्प आले. आता तिथे फाटा चुकला, तर माणूस थेट मुंबई किंवा साताऱ्याच्या दिशेनं मार्गस्थ होतो. मुलाला वारज्याला जायचं होतं. मी जिवाच्या आकांतानं "बावधन! बावधन!" ओरडले तेव्हा त्यानं पाय काढला. जाताना अंगठा दाखवून गेला. वर पोचल्यावर डिस्प्लेवर पाहिलं, तीन कांड्या.

घरी बाबा गॅलरीत उभे होते. "चढली का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चढली. खोटं काहीच नव्हतं.

दुरुस्तीचं फार लांबवत नाही. पंक्चर काढायला सायकलवाल्याकडे गेलं की तो मागच्या चाकातून निघालेल्या वायरी बघून हात वर करतो: "मोटरचं काम आहे, गॅरेजला न्या." गॅरेजवाला पायडल बघतो: "आम्ही सायकली नाही करत." दोघांची दुकानं समोरासमोर आहेत. मी मध्ये गाडी उभी करून दोघांना चहा पाजला, तेव्हा चाक एकानं खोललं आणि ट्यूब दुसऱ्यानं लावली. पैसे दोघांनीही पूर्ण घेतले.

पण खरी परीक्षा झाली ती टोइंगच्या दिवशी. ऑफिसच्या गल्लीत सम-विषम तारखांचं पार्किंग आहे. माझी गाडी सम बाजूला होती आणि तारखेबद्दल माझं आणि पाटीचं दुमत होतं. टोइंगची पोरं खूश झाली असणार, कारण ती एका हातात उचलली जाते. मी चौकीवर पोचले तेव्हा ती एका बुलेटला टेकून उभी होती, माहेरी आल्यासारखी.

हवालदार सभ्य होते. त्यांनी ई-चलानचं मशीन हातात घेतलं. "नंबर बोला."

"नंबर नाही."

"नवीन आहे का? टेंपररी सांगा."

"नंबर नसतोच हिला. २५० वॅट, ताशी २५..." मी पाठ म्हणायला लागले.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढून नंबर नाही, मागून नंबर नाही. पायडल उलटं फिरवून पाहिलं. बहुतेक हे लुनाच्या पिढीचं खूण पटवणं असावं. मशीनमध्ये नंबर टाकल्याशिवाय पुढचा रकाना उघडेना. नंबर नाही म्हणजे दंड नाही. दंड नाही म्हणजे पावती नाही. आणि पावती नाही म्हणजे जप्त वाहन सोडता येत नाही. मी कारवाईसाठी तयार होते, ते कारवाईसाठी तयार होते, मशीन तयार नव्हतं.

"सायकलच म्हणायची की मग," ते म्हणाले.

"म्हणा की."

"सायकली आम्ही उचलत नाही. सायकल बेवारस सापडली तर जमा होते." त्यांनी जाडजूड रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि 'बेवारस' या मथळ्याखाली लिहिलं: सायकल, लेडीज, काळी, एक. मग माझ्याकडे पाहिलं. "ही तुमचीच कशावरून?"

बिल नवऱ्याच्या फोनमध्ये होतं. मागवलं. बिलावर 'इलेक्ट्रिक वाहन', आणि पुढे ५ टक्के जीएसटी. हवालदारांनी 'वाहन' या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथून काढलं नाही. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. वाहन म्हटलं तर नंबर हवा. सायकल म्हटलं तर बिल दुसऱ्याच वस्तूचं. मागे बुलेटवाला खोळंबला होता, त्याच्यामागे आणखी तीन जण, आणि सगळ्यांच्या गाड्यांना नंबर होते.

शेवटी त्यांनी माझ्या फोनवरचा अंगठा बाजूला केला, बिल वर सरकवून फक्त माझ्या नवऱ्याचं आडनाव वाचलं, माझं आडनाव विचारलं, दोन्ही जुळली. "इथं लिहा, माझी हरवलेली सायकल मला सुस्थितीत मिळाली. खाली सही."

मी लिहिलं. सही केली. तारीख घातली, विषम. बॅटरीची किल्ली फिरवली, हेल्मेट चढवलं आणि गेटकडे निघाले, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"ताई, कुलूप लावत जा. सायकली फार उचलून नेतात हल्ली."