‘ज्याला कान आहे तो पेडल घेत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इलेक्ट्रिक गिटारसाठी हार्मनी पेडल (वाजवलेल्या स्वरासोबत त्याला जुळणारा दुसरा स्वर काढणारं, पायाने चालवायचं यंत्र) कसं निवडावं, या माझ्या लेखाखाली तुम्ही नाव न लिहिता दिलेली प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती इथे जशीच्या तशी देतो:

“लेख जाहिरातीसारखा वाटला. मल्टी-इफेक्टमध्ये हार्मनी असतेच, मग वेगळ्या पेडलचा हट्ट कशाला? ज्याला कान आहे तो हार्मनी शिकतो, ज्याला नाही तो पेडल घेतो. लेटन्सीबद्दल एक अक्षर नाही. मालवणात बसून ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने पुण्या-मुंबईच्या मुलांना गिअर शिकवू नये.”

त्याच लेखाखाली इतरांनीही शंका काढल्या आहेत. एकाने तर माझं पेडलचं क्रमवारीचं गणित पूर्ण अमान्य केलं, आणि आमची छान चर्चा झाली. तुम्ही शंका काढलेली नाही, थेट निकाल सुनावला आहे. तोही अशा सुरात, की समोरचा माणूस कुठे राहतो यावरून त्याला काय कळतं हे ठरावं. हा सूर मला खटकला, आणि तो खटकला हे लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

मल्टीबद्दल, म्हणजे अनेक इफेक्ट एकाच यंत्रात देणाऱ्या प्रोसेसरबद्दल, एक गोष्ट मान्य करतो. बॉस कंपनीच्या जीटी मालिकेतल्या प्रोसेसरांत हार्मनीचं स्केल स्वतः, एकेक स्वर घेऊन बांधता येतं. भैरवसारखा राग वाजवायचा असेल तर ही सोय मोलाची आहे, कारण कोमल रे-ध आणि शुद्ध ग-नी एकत्र आले की कुठल्याही मेजर-मायनरच्या चौकटीत ते बसत नाहीत. तेवढ्यासाठी कुणी मल्टी घेतला तर मी त्याला अडवणार नाही. पण स्टेजवर निवेदक पुढच्या गाण्याचं नाव घेत असताना गायिका कानात “काळी चार” म्हणून जाते, तेव्हा मेनूत शिरून पट्टी शोधायची की समोरचा खटका फिरवायचा, हे ज्याने वाजवलंय त्याला विचारा. प्रत्येक पट्टीचा वेगळा पॅच (आधीच जुळवून साठवलेली मांडणी) करून ठेवता येतो, हे मलाही ठाऊक आहे. तसे पॅच बनवून, पायाने ते मोजत पुढे-मागे जाणारे मित्र मी पाहिलेत. बस, या मुद्द्यावर एवढंच.

आता तुमच्या तिसऱ्या वाक्याकडे येतो. मी उत्तर लिहायला बसलो ते त्या एका वाक्यासाठी.

माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसले की पहाटेपर्यंत सामना चालायचा. मी वडिलांच्या मागे झांज घेऊन बसायचो. एका बुवांची पट्टी संपून दुसऱ्यांची सुरू झाली की पेटीवर सगळं बदलायचं: सा वेगळा, हाताची ठेवण वेगळी, कुठली काळी टाळायची तेही वेगळं. वडिलांनी मला गिटार घेऊन द्यायच्या आधी कुठल्याही काळी-पांढरीला सा धरून दहाही थाट गाऊन घेतले होते. गिटार हातात आल्यावर एखादा स्वर चुकला की ते आतल्या खोलीतून नुसतं “निषाद बघ” म्हणायचे. माझा कान तिथे तयार झाला. तो आहे की नाही हे तुम्ही एका ओळीत ठरवून टाकलंत, ते मी मान्य करणार नाही.

आणि मुळात, अहो, हे पेडल कानाशिवाय चालतच नाही. पांढरी एकला सा धरा आणि मेजर स्केल घ्या. सा पासून ग चार सेमीटोनांवर आहे (पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून लागोपाठच्या दोन स्वरांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन), पण रे पासून म तीनच सेमीटोनांवर. म्हणजे ‘वरचा तिसरा स्वर’ हे अंतर दर स्वराला बदलतं. साधा पिच शिफ्टर चार सेमीटोनांवर बांधून ठेवलात तर रे वाजवल्यावर वर तीव्र मध्यम उमटतो आणि गाण्याचा विचका होतो. १९७५ साली बाजारात आलेला इव्हेंटाइडचा एच९१० असाच ठरलेल्या अंतराने स्वर सरकवायचा. पट्टी धरून चालणारी हार्मनी त्यानंतर आली, त्याच कंपनीच्या एच३००० मध्ये, ऐंशीच्या दशकात. आजच्या छोट्या पेडलांत तीच कल्पना आहे. बॉसच्या पीएस-६ वर तुम्ही पट्टी लावता, मेजर की मायनर ते सांगता, आणि मग ते मोजून स्वर देतं. पण पट्टी आणि स्केल सांगायचं कुणी? वाजवणाऱ्यानेच. ते त्याला ऐकून कळलं नाही, तर कितीही महागाचं पेडल बेसूरच बोलणार.

लेखात जागेअभावी जे थोडक्यात लिहिलं होतं ते आता सविस्तर लिहितो, कारण तुमचा गैरसमज नेमका तिथेच आहे.

समजा गायक काळी एकमध्ये यमनच्या अंगाचं गाणं म्हणतोय. पेडलवर तीच पट्टी, म्हणजे सी-शार्प मेजर, लावलंत की फसलात. तुम्ही रे वाजवाल आणि पेडल शुद्ध मध्यम देईल. यमनला हवा तीव्र. इथे पेडलची पट्टी पंचमावर न्यायची, म्हणजे काळी चारवर, ए-फ्लॅट मेजर. स्वर तेच सात राहतात, सा तुमचा तुमच्याकडे राहतो, आणि रे वर बरोबर तीव्र मध्यम येतो. खमाज थाटाचं गाणं असेल तर पेडल शुद्ध मध्यमावर लावायचं, काफीचं असेल तर कोमल निषादावर, भैरवीचं असेल तर कोमल धैवतावर. काळी एकची भैरवी म्हणजे पेडलवर ए मेजर, आपली पांढरी सहा. हे कुठल्याही पेडलच्या माहितीपत्रकात मला सापडलेलं नाही. मी ते वडिलांच्या पेटीवर बसून जुळवलं.

भूपाचं आणखी वेगळं. भूपात म आणि नी वर्ज्य. तिसऱ्या स्वराची हार्मनी लावलीत तर रे वर म येतो आणि प वर नी येतो, म्हणजे ज्या दोन स्वरांमुळे भूप भूप राहत नाही तेच दोन पेडल आणून ठेवतं. चौथा स्वर लावून बघा: रे वर प, ग वर ध, प वर सा, ध वर रे. फक्त सा वर मध्यम येतो, आणि तेवढ्या सा पुरता पाय उचलायचा. त्यासाठी दाबून धरलं तरच चालू राहील असा मोमेंटरी स्विच असलेलं पेडल लागतं. लेखात मी स्विचवर एवढा भर दिला तो याच कारणाने. जाहिरातीच्या भाषेत हे कुणी सांगतं का, तुम्हीच बघा.

मींडेचं तर विचारूच नका. सा पासून रे पर्यंत तार ओढली की सुरुवातीला अंतर चार सेमीटोन असतं, शेवटी तीन. मधल्या प्रवासात पेडलला कुठेतरी ठरवावं लागतं आणि तिथे वरचा स्वर हिसका देतो. ग पासून म कडे ओढताना हेच उलट्या बाजूने होतं. रे पासून ग पर्यंतची मींड मात्र सुरळीत जाते, कारण दोन्ही टोकांना अंतर तीनच आहे. कुठली मींड घ्यायची, कुठली सोडायची, हे बोटांना आधी माहीत असावं लागतं. हे सगळं करणाऱ्या माणसाला तुम्ही ‘कान नसलेला’ म्हणता, तेव्हा तुम्ही हे पेडल कधी गाण्यात वापरलंय का, अशी मला शंका येते.

ज्यांना फक्त खर्ज-टीप (तोच स्वर खालच्या-वरच्या सप्तकात) आणि पंचम हवाय त्यांनी पट्टीच्या भानगडीत पडू नये, हेही लेखात आहे. पंचम सगळीकडे सात सेमीटोनांवर असतो, अपवाद फक्त निषादाचा. त्यामुळे साध्या, स्वस्त पिच शिफ्टरवर त्यांचं काम भागतं. महागडं पेडल खपवायचं असतं तर हे वाक्य मी लिहिलंच नसतं.

दोन गिटारवाले शेजारी उभे राहून वाजवतात त्याची सर पेडलला येत नाही, यावर आपलं दुमत नाही. थिन लिझी किंवा आयर्न मेडन या रॉक बँडांची ती जुळी गिटार दोन माणसांच्या हातांतून आली. माणूस किंचित पुढे-मागे होतो, तार वेगळ्या जोराने छेडतो, त्याचा गोडवा आहेच. पण सिंधुदुर्गातल्या ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गायक बसल्यावर दुसऱ्या गिटारवाल्याची बिदागी कुठून काढायची, ते आयोजकाला विचारून सांगा. तोपर्यंत एका माणसाने दोन आवाज काढले तर त्यात कमीपणा कसला?

लेटन्सीबद्दल ‘एक अक्षर नाही’ हे साफ चूक आहे. “जाड तारेवर खाली वाजवलं की हार्मनी मागे राहते” असं मी लिहिलं होतं. तीच लेटन्सी. खालच्या ई तारेचं कंपन सुमारे ८२ हर्ट्झ, म्हणजे एका आवर्तनाला जवळपास १२ मिलिसेकंद लागतात. निदान एक आवर्तन ऐकल्याशिवाय स्वर कुठला हे कुठल्याच यंत्राला ठरवता येत नाही. वरच्या ई तारेवर हेच काम ३ मिलिसेकंदांत होतं. म्हणून सुरावट वरच्या तीन तारांवर बसवा, असं सांगितलं होतं. हा शब्द इंग्रजी वळणाने आला नाही म्हणून तुम्हाला तो दिसला नसेल, तर लेख पुन्हा वाचा.

अ‍ॅडॅप्टर आणि खाऱ्या हवेने जॅकला चढणारा गंज यांवर आधीच वेगळं लिहिलंय, ते इथे उगाळत नाही. हार्मनी पेडल डिस्टॉर्शनच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) आधी की नंतर, हे मात्र बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून सांगतो: नंतर. दोन स्वर एकत्र डिस्टॉर्शनमध्ये ढकलले की ते एकमेकांत मिसळून नवे, नको असलेले स्वर तयार होतात आणि तिसऱ्या स्वराची हार्मनी गढूळ होते. आधी डिस्टॉर्शन, मग हार्मनी, त्यानंतर डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल). आणि एका वेळी एकच तार.

राहिलं मालवण. आंगणेवाडीच्या जत्रेपासून वेंगुर्ल्याच्या गणपती मंडपांपर्यंत मी वाजवलंय, जनरेटरवर वाजवलंय, समोर बसलेल्या जाणत्या भजनी बुवांच्या कानांसमोर वाजवलंय. त्यांना डायटॉनिक (स्केलच्या स्वरांना धरून चालणारं) हा शब्द माहीत नसेल, पण रे वर चुकीचा मध्यम आला की ते मान वळवून बघतात. पुण्या-मुंबईच्या मुलांनी माझं ऐकू नये असं तुम्हाला वाटत असेल तर ते त्यांना ठरवू द्या. त्यांतले बरेच जण इथे येऊन प्रश्न विचारतात आणि त्यांना मी उत्तर देत राहणार.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती लेखाखाली राहील. ‘जाहिरात’ हा शब्द मात्र मागे घ्या. कुठल्याही कंपनीने किंवा दुकानाने मला आजवर एक पैसा किंवा एक पेडल दिलेलं नाही, आणि या आरोपाला तुमच्याकडे पुरावाही नाही.