दोन बाटल्या, एक पिंप आणि माझी पातळभाजी

आमच्या मुलुंडच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. रासायनिक पक्षाचे अध्यक्ष आमचे हे, सेंद्रिय पक्षाच्या अध्यक्षा सासूबाई. मी मतदार. म्हणजे सांडलेलं पुसायला मी.

वाद आहे खिडकीच्या ग्रिलमधल्या पालकाच्या रोपांवरून. माती नाही, जाळीदार पेल्यांत कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात बोटभर रोपं आणि खाली खताचं पाणी. ह्यांचं खत दोन बाटल्यांत, ‘ए’ आणि ‘बी’. एकीत कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. दोन्ही दाट द्रावणं थेट एकत्र आली की तळाशी पांढरा साका बसतो आणि त्यातलं कॅल्शियम रोपांना मिळत नाही. म्हणून एक बाटली टबातल्या पाण्यात नीट मिसळल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. इतकं सोवळं ह्यांनी देवघरात कधी पाळलेलं मी पाहिलं नाही.

सासूबाईंचं पिंप बाल्कनीत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती: जीवामृत, म्हणजे त्यांचं सेंद्रिय खत. शेण वसईच्या मामेसासऱ्यांकडून येतं, दादरला गाडी बदलून. त्या निमित्ताने आमच्या घरच्या माणसाला लोकलमध्ये ऐसपैस बसायला मिळालं, हा एवढाच नफा.

“आई, मुळाला नायट्रेट हवं असतं. ते बाटलीतून आलं की गाईकडून, त्याला काय कळतंय?”

“मुळाला नसेल कळत. खाणाऱ्याला कळतं.”

इथे ह्यांचं म्हणणं खरं आहे, पण हे मी घरात बोलत नाही. बेसनातला नायट्रोजन प्रथिनांत अडकलेला असतो. जिवाणूंनी त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करायचं. जमिनीत ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नव्या टबात त्यांचं बस्तान बसायलाच काही आठवडे जातात. तोवर रोपांची गत पंगतीला बसवून पानात कोरडा शिधा वाढल्यासारखी. खालची पानं पिवळी पडली. जिवाणूंनी पाण्यातला ऑक्सिजनही आधी स्वतःच ओढला, हवेचा पंप गाळाने तुंबला आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘कोणाचं ड्रेनेज फुटलंय?’ असा मेसेज आला. मी त्याला अंगठा दिला.

ह्यांनी मग इतिहास काढला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या होगलंड आणि अर्नन यांनी १९३८ साली बिनमातीच्या शेतीवर पुस्तिका काढली, त्यांचं द्रावण आजही जगभर वापरतात, वगैरे. मी ती पुस्तिका मोबाइलवर शोधली. चांगल्या कसदार जमिनीपेक्षा या पद्धतीत जास्त पीक येतं असं नाही, हे त्या दोघांनीच म्हणून ठेवलंय. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. शांतता मला मानवत नाही, असं ह्यांचं मत आहे.

खरा जाच लिंबांचा. पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (आंबट वाढलं की तो उतरतो), साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये हवा आणि रोपं नायट्रेट पीत गेली की तो वर सरकतो. हे फॉस्फोरिक ॲसिडचे थेंब मोजून टाकतात. सासूबाई लिंबू पिळतात. लिंबातलं आम्ल जिवाणू खाऊन टाकतात, पीएच पुन्हा चढतो, पुन्हा लिंबू. मेमधले लिंबांचे भाव कोणाला सांगायला नकोत. परवा पोह्यांवर मी आमचूर घातली.

त्यात ह्यांचा ईसी मीटर. पाण्यात क्षार किती विरघळलेत ते सांगणारा. कोवळ्या रोपांना ०.८ च्या आसपास पुरतं, जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. तानसा-भातसा धरणांचं पाणी मुळातच हलकं, म्हणजे कमी क्षारांचं, म्हणून हे महापालिकेवर खूश. टँकर आला की काही न मिसळताच आकडा वर, की ह्यांचा रक्तदाब वर.

सासूबाईंनी या यंत्राला नावं ठेवली होती. त्यांच्या पिंपातलं न कुजलेलं खत त्याला धड दिसतच नाही, म्हणून ते आंधळं. काल मात्र जेवायला बसल्यावर त्यांनी तेच मागून घेतलं, स्वच्छ धुतलं आणि माझ्या पातळभाजीत बुडवलं. आकडे भराभर पळाले आणि मीटरने हात टेकले.

“बघ,” त्या मुलाला म्हणाल्या, “मी रोज सांगते, ही मीठ जास्त घालते.”

हे म्हणाले, “मीटर खोटं बोलत नाही, आई.”