संपातलं घर पुस्तकात कधी येणार?
मुलांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणजे गड, घोडे, तलवारी; घरातली तंगी त्यात दिसतच नाही, हे अशा पुस्तकांवरच्या एका लेखातलं म्हणणं अगदी पटलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. मी तेव्हा चौथीत, लालबागच्या चाळीत. आईने आधी पितळी हंडा मोडीत काढला, मग पिंप. धाकट्याला कोकणात आजीकडे धाडलं. गिरणीचा भोंगा बंद, तरी बाबा पहिल्या पाळीच्या वेळेला उठून, अंघोळ करून खिडकीशी बसायचे. मुलांना हे झेपणार नाही म्हणतात. आम्हाला झेपलंच की! (सांगितलं कुणी नव्हतं, ते वेगळं.) फक्त अशी कादंबरी लिहाल तेव्हा शेवट गोड करू नका, तो संप रीतसर मिटलाच नाही.