गाडीला कलप
सगळं सुरू झालं ते वॉशिंग सेंटरवरच्या पोट्ट्यामुळे. मानेवाडा रोडवर गाडी धुवायला टाकली होती, मी बाजूला चहा पीत उभा, आणि त्या पोट्ट्यानं फोम मारता मारता एकदम साध्या चेहऱ्यानं विचारलं, "काका, ही काचेखालची पट्टी कंपनीतूनच पांढरी येते काय?"

गाडी म्हणजे २००८ ची वॅगन आर, एमएच ३१, पांढरी. पण काचेच्या खाली बाहेरून जी पट्टी असते, दुकानवाले जिला बीडिंग म्हणतात, ती काळी असते. म्हणजे असायची. मी रोज त्या गाडीत बसतो, पंधरा वर्षं झाली म्हणून पाच हजार फी भरून पासिंग पाच वर्षं वाढवून आणलं, तेव्हा चारी बाजूंनी फिरून पाहिली होती, तरी ही पट्टी कधी राखाडी झाली आणि कधी पांढरी झाली मला पत्ता नाही. केसांचं पण असंच असते. दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागते, आणि सांगणारा नेमका विशीतला असतो.

पट्टीचा दोष नाही म्हणा. २०१३ च्या मे मध्ये नागपुरात ४७.९ झालं होतं तेव्हाही ही गाडी बाहेरच उभी होती, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये शेड एकच आहे आणि तिच्याखाली वरच्या मजल्यावरच्या काकांची मारुती ८०० उभी असते, जी वर्षातून दोनदा निघते, दसऱ्याला आणि पीयूसीला. असं ऊन वर्षानुवर्षं खाल्लं की प्लास्टिकचा वरचा थर सडतो, आतला मऊपणा निघून जातो आणि वर खडूसारखी भुकटी उरते. बोट फिरवा, बोटाला लागते. आतल्या अंगाला काचेला टेकून मखमलीसारखी एक किनार असते तीही झिजते, मग काच खाली करताना किर्रर्र आवाज येतो आणि अडकलेली धूळ काचेवर उभ्या रेघा मारते. माझ्या ड्रायव्हर साइडच्या काचेवर सगळ्यात जास्त रेघा आहेत, कारण तर्री पोह्याची प्लेट त्याच काचेतून आत येते.

तर हेच काका. मी पट्टीला बोट लावून बोट पाहून राहिलो होतो तेवढ्यात ते जिन्यातून उतरले.

"काय पाहून राहिला बे?"

सांगितलं.

"एवढंच ना? बूट पॉलिश लाव, काळं. आम्ही लुनाच्या सीटले लावत होतो. पहिले पुसून घे, मंग पॉलिश, मंग ब्रश. दहा मिनिटात नवरदेव!"

रिटायर माणसाच्या सल्ल्यात एक गंमत असते, तो फुकट असतो आणि देताना त्यांचा स्वतःचा इतका विश्वास असतो की आपल्याला शंका घेतली तर पाप लागेल असं वाटते. मी लावलं. आणि खरं सांगतो, दिसलं भारी. चार दरवाजे, चार काळ्याभोर रेघा, गाडीला एकदम नाकनक्षा आला. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, साळ्यानं अंगठा दिला, तो सहसा मला काही देत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार आणि लग्नसराई. काका पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा कुर्ता घालून लग्नाला निघाले. मी गाडीत बसलेलो, काच खाली, आणि आपल्या सल्ल्याचं फळ पाहायला ते आले, दोन्ही कोपरं खिडकीवर टेकवून निवांत उभे राहिले, ऊन पाहा तर असं की पॉलिश डबीत असताना जेवढं घट्ट होतं तेवढंच आता पातळ. पाच मिनिटं बोलले. "पाह्य, म्हटलं होतं ना." मी हो हो करत होतो आणि माझी नजर त्यांच्या बाहीवर होती, आणि बोलू की नको या विचारात ते निघून पण गेले. दोन्ही बाह्यांवर कोपराखाली एकेक काळी आडवी रेघ, पोलिसांच्या वर्दीवरच्या पट्ट्यांसारखी. लग्नात किती लोकांनी सांगितलं ते मला माहीत नाही. काकूंनी तो कुर्ता धुवून वरच्या बाल्कनीत वाळत घातला, बरोबर माझ्या गाडीच्या डोक्यावर, आणि त्या रेघा आठवडाभर माझ्याकडे पाहत होत्या.

उरलेलं काम अवकाळी पावसानं केलं. पंधरा मिनिटं पडला. खाली येऊन पाहतो तर चारही दरवाज्यांवरून काळे ओघळ, पांढरी गाडी काजळ घालून रात्रभर रडल्यासारखी.

मग मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "नवीनच टाकून द्या ना सर." बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, एका स्पेअरच्या दुकानात विचारलं, पुढच्या दोन मिळतील, मागच्या येत नाहीत आता. दोन नव्या दोन जुन्या म्हणजे अर्ध्याच मिशीला कलप. तेव्हा ठरवलं, आपणच काढायच्या आणि नीट रंगवायच्या. इथून पुढचे आठ दिवस नवतपातले, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांतले, होते हे आधी लक्षात यायला पाहिजे होतं.

काढायचं तत्त्व सोपं आहे. काच पूर्ण खाली करायची, पट्टी दरवाज्याच्या पत्र्याच्या कडेवर क्लिपांनी बसलेली असते, एका टोकाकडून हळूहळू वर उचलत जायचं, घाई केली की पट्टी वाकते आणि मग ती आयुष्यात सरळ होत नाही. गार असताना प्लास्टिक कडक राहते म्हणून थोडं ऊन खाल्ल्यावर काढलेली बरी. पत्र्याला ओरखडा नको म्हणून धातूचं काही नको, तर मी किचनमधलं लाकडी उलथनं आणलं. तीन पट्ट्या लोण्यासारख्या निघाल्या. चौथीला कट्ट असा आवाज आला, मी तो ऐकलाच नाही असं ठरवलं.

"अहो, उलथनं कुठं आहे?"

"गाडीत."

"गाडीत काहून?"

या प्रश्नाला नवऱ्याजवळ कोणतंही चांगलं उत्तर नसते.

पट्ट्या साबणानं धुतल्या, मखमली किनारीवर मास्किंग टेप लावला, चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं ओल्यानं घासल्या, मग आठशेनं. पॉलिश पेपर म्हटलं की काका गालात हसतात, पण या पॉलिशचा बुटाशी संबंध नाही. मागच्या पॉलिशचं मेण जराही राहिलं तर रंग धरत नाही, फुगून सोडतो, म्हणून स्पिरिटनं पुसून, मग प्लास्टिकचा प्रायमर, मग सॅटिन ब्लॅक, ग्लॉसी नाही, ग्लॉसी मारला की पट्टी गाडीची नाही बँडवाल्याच्या गाडीची वाटते. स्प्रेच्या डब्यावर लिहिलेलं, पन्नास डिग्रीच्या वर ठेवू नका. नागपुरात हे वाचून हसू येते. फ्रिजमध्ये ठेवायला गेलो तर बायकोनं आमरसाच्या भांड्यावर हात ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मी तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बाजूला ठेवला.

पहिला हात गच्चीवर, सकाळी अकरा. रंग नोझलमधून निघाला आणि पट्टीवर पोचायच्या आधी हवेतच वाळला. हात फिरवला तर पॉलिश पेपर परवडला. परत घासा.

मग माझ्या डोक्यात आलं की घरात कूलरसमोर गारवा आहे, तिथं मारावं. हॉलमध्ये पेपर पसरले, डेझर्ट कूलर फुल्ल, मस्त एकसारखा काळा हात बसला. खूश होऊन पाणी प्यायला गेलो आणि येऊन पाहतो तर पट्ट्यांवर दुधाची साय आल्यासारखं पांढरं. परत पांढरं! दमट हवेत असा रंग वाळताना ओल धरतो आणि धुरकट होतो हे मला नंतर पेंटवाल्यानं सांगितलं, तोही हसत. वरून कूलरच्या ताट्यांमधली लाकडी घास उडून एका पट्टीला चिकटली होती, बारीक बारीक, पट्टीला मिशी फुटल्यासारखी. सोफ्याच्या एका पायाला काळा रंग लागला तो विषय घरात अजून बंद झालेला नाही.

तिसऱ्यांदा पहाटे साडेपाच, गच्चीवर, वीतभर लांबून, पातळ हात, दहा मिनिटं थांबायचं, परत पातळ हात. आणि जमलं. इतकी साधी, निमूट काळी पट्टी की मी तिथंच गच्चीवर मांडी घालून तिच्याकडे पाहत बसलो. एक दिवस वाळू दिल्या आणि तळहातानं दाबून बसवल्या. चौथीची ती कट्टवाली क्लिप अर्थातच तुटलेली, तिथं डबल टेप आहे, स्पीड ब्रेकरवर ती टक असं बोलते.

काका संध्याकाळी उतरले. या वेळी खिडकीपासून दोन फूट लांब, हात मागे बांधून. बराच वेळ पाहिलं. मग एक बोट पुढे केलं, पट्टीला लावलं, बोट डोळ्याजवळ नेऊन पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पण पाहिलं.

"पक्कं झालं काय?"

"पक्कं."

ते काही बोलले नाहीत, शेडकडे पाहत राहिले. मी पण पाहिलं. त्यांच्या ८०० चा काळा बंपर शेडच्या बाहेर येतो, वीतभर. तेवढाच पांढरा झाला होता.

"बंपर कसा निघते रे? उलथन्यानं निघते काय?" आवाज हळू करून ते म्हणाले. "असलं तर दे ना जरा."

आतून बायको ओरडली, "नाही आहे म्हणून सांगा!"