बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली? नाही हो!

बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'घरच्या बिअरचे बुडबुडे थांबले की ती झाली, साखर घालून बाटल्या भरा. घरापुरती असेल तर परवाना लागत नाही.' दोन्ही गोष्टी चूक.

खानापुरातल्या डिसेंबरच्या थंडीत यीस्ट, म्हणजे साखर आंबवणारं किण्व, गारठून गप्प बसतं. झाकण सैल असेल तर वायू बाजूनेच निसटतो. बुडबुडे दिसत नाहीत, पण साखर शिल्लक असते. मग ती बाटलीत आंबते, दाब वाढतो आणि काच फुटते. फटाकाच तो, फक्त स्वयंपाकघरातला. खरी खूण हायड्रोमीटरची, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीची; साखर आंबत जाते तसं तिचं माप उतरतं: दोन-तीन दिवसांच्या अंतराने माप तेच आलं पाहिजे, समजा दोन्ही वेळा १.०१२. १.०३० वरच अडकलं असेल तर साखर अजून बरीच शिल्लक आहे, थांबा. फेसासाठी बाटलीत घालायची साखरही वजन करून, लिटरला साधारण ६ ग्रॅम. 'दोन चमचे' हे माप चहाला ठीक.

परवान्याचं म्हणाल, तर ती सूट ब्रिटनची, १९६३ पासूनची. आपल्याकडे कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ लागू आहे; परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते एक बाटली का असेना.