वांगं न खाणारी सांगलीकरीण

स्वतःबद्दल खरं बोलायला माणूस तसा तयार असतो, फक्त ते खरं बऱ्यापैकी मोठं असावं लागतं. 'माझा स्वभाव भारी तापट आहे' हे आमच्या भिशीत कुणीही मान ताठ ठेवून सांगतं. 'मला खोटं अजिबात खपत नाही', 'मी मनानं फार हळवी हो, म्हणून तर सगळे माझा फायदा घेतात' ही तर कबुलीच्या नावाखाली चाललेली जाहिरात. त्यावर सगळ्या जणी मान डोलावतात, कुणीतरी पाठीवर हातही ठेवतं. पण 'मला वांगं आवडत नाही' असं एकदा म्हणून बघा. तेही सांगलीत.

गेल्या महिन्यात भिशी विश्रामबागेत होती. यजमानीणबाईंची नवी सून पुण्याची. हौजीचे आकडे ऐकून ती बिचारी कंटाळली असावी. म्हणाली, "आज एक वेगळा खेळ घेऊ. प्रत्येकीनं स्वतःबद्दल काही खऱ्या गोष्टी सांगायच्या. काय आवडतं, काय नाही आवडत, काही विचित्र सवयी. पण अगदी खऱ्या हं!" पहिलीनं सांगितलं की मला स्वच्छतेचं वेड आहे. दुसरीला माणसांची ओढ निघाली. तिसरी म्हणाली, "मला कुणाशी अबोला धरताच येत नाही." या बाईंचं आपल्या सख्ख्या जावेशी मुलाच्या मुंजीपासून बोलणं नाही आणि आता त्या मुलाचं लग्न ठरलंय. पण खेळ खेळीमेळीचा होता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग माझी पाळी आली आणि मी वांग्यापासून सुरुवात केली.

"म्हणजे भरीतसुद्धा?" पहिला प्रश्न आला.

"भरीतसुद्धा."

"भरली वांगी? शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं घालून?"

"कूट, तीळ, खोबरं आवडतं."

"मग तू मळीचं वांगं खाल्लं नसशील," असं अध्यक्षीय थाटात एकीनं जाहीर केलं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. चूक माझी नव्हती, वांग्याची होती. चुकीचं वांगं भेटलं असणार.

अहो, मी गावभागात राहते. कृष्णा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पूर ओसरला की नदी काठाला गाळ सोडून जाते, त्या मळीत ही वांगी येतात आणि त्यांची चव दुसऱ्या कुठल्याच वांग्याला नाही, हे मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. सांगलीची माणसं पुण्या-मुंबईच्या लेकींना पिशव्या भरभरून ती वांगी पाठवतात. मी स्वतः पाठवते. मला निवडताही उत्तम येतात. देठ हिरवागार हवा, त्याला टोचणारे काटे हवेत, हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकं लागायला हवं. मंडईत शेजारणी माझ्याकडून वांगी निवडून घेतात. फक्त शिजल्यावर ते जिभेवर जे बुळबुळीत होऊन बसतं आणि त्यातल्या बिया जे काही करतात, ते मला चालत नाही. याच्यामागे काही कारण नाही. आणि तीच खरी अडचण आहे. आपल्याकडे नावडीला कारण लागतं. "बाळंतपणात बाधलं असेल." "लहानपणी अळी निघाली असेल." "पत्रिकेत काहीतरी असेल बघ, आमच्या नणंदेला गुरुजींनी सांगितलं होतं." नुसतंच आवडत नाही, असं म्हणणारं माणूस एकतर आजारी असतं नाहीतर शिष्ट.

सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी यावर मध्यममार्ग काढला होता. वांगी-बटाट्याचा रस्सा करायच्या आणि म्हणायच्या, "तू वांगं बाजूला काढ आणि बटाटा खा की." आता तो बटाटा काय वांग्याशेजारी उकळताना तोंड फिरवून बसला होता? भोगीला तर विचारूच नका. बाजरीची भाकरी, लोणी आणि त्या सतरा भाज्यांच्या भाजीतून चमच्यानं वांगं हुडकून ताटाच्या कडेला लावणारी मी. मोठ्या जाऊबाई माझ्या ताटाकडे बघून दरवर्षी म्हणायच्या, "सण आहे आज." जणू मी सणाच्या विरोधात मोर्चा काढलाय.

त्यानंतर मी चहाचं सांगितलं. खेळ तिथंच थांबवायला हवा होता, पण मला आता जोर चढला होता.

चहा मला नको असतो. कुणाच्या घरी गेलं की याचा कसा तमाशा होतो ते एकदा नीट लिहूनच ठेवते. ह्यांच्या चुलत काकू खणभागात राहतात. माणूस सोन्यासारखं. आम्ही दारात चप्पल काढेपर्यंत आतून भांड्याचा आवाज येतो.

"चहा टाकते."

"नको काकू, मी चहा घेत नाही."

"बरं, कॉफी करू?"

"कॉफीपण नको."

"मग दूध तरी घे गरम."

"नको, खरंच काही नको."

"उपास हाय काय?"

"नाही."

"पित्त?"

"नाही हो. मला आवडतच नाही."

इथं काकू थांबतात. माझ्याकडे बघतात. मग ह्यांच्याकडे वळून, आवाज खाली आणून विचारतात, "घरात काही बोलणं झालंय काय रं?" ह्यांनी नाही म्हटलं की त्या निश्चिंत मनानं आत जातात आणि आतून हाक देतात, "अर्धाच कप टाकलाय गं, साखर कमी घातलीय!" तो अर्धा कप काठापर्यंत भरलेला असतो. वर साय. बशीत दोन मारी बिस्किटं. मी नाही घेतला तर काकूंच्या डोळ्यांत पाणी येणार, घेतला तर माझ्या. त्यामुळे काकू देवापुढची उदबत्ती बघायला वळल्या की कप सरकतो ह्यांच्याकडे. लग्न झाल्यापासून हा माणूस प्रत्येक घरी दोन कप चहा पितोय. पित्त शेवटी ह्यांना झालं.

हे ऐकून भिशीतल्या बायका हसल्या खऱ्या, पण यजमानीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी आत गॅसवर आधण ठेवलं होतं.

मग नाटकाचं आलं. हे सांगताना मात्र माझाही आवाज जरा खाली आला. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो आमच्या सांगलीत. गावाला नाट्यपंढरी म्हणतात. दरवर्षी 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, इथं भाव्यांच्या नावाचं गौरवपदक देतात आणि महाराष्ट्रातले एकेक दिग्गज ते घ्यायला मोठ्या मानानं येतात. अशा गावात जन्मून मला नाटकात झोप लागते. वाईट नाटकात लागते असं नाही, चांगल्या नाटकात जास्त गाढ लागते. तिसरी घंटा, अंधार, पडदा आणि मी गेले. बसल्या बसल्या, मान ताठ, घोरणं नाही. शेजारच्याला वाटतं, बाई किती तल्लीन झाल्यात. टाळ्यांच्या आवाजानं जाग येते आणि डोळे उघडायच्या आधी माझे हात वाजायला लागलेले असतात. बाहेर पडल्यावर कुणी विचारलंच कसं वाटलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: "दुसऱ्या अंकात जरा रेंगाळतं, नाही?" यावर समोरचा गंभीर होऊन म्हणतो, "अगदी बरोबर बोललात." नाटक कुठलंही असो, हे वाक्य पडलेलं मी अजून पाहिलं नाही.

सवयींच्या खात्यात मग मी भराभर सांगून टाकलं. फोन वाजला की मी उचलत नाही, तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसते आणि थांबला की मेसेज करते, 'फोन केला होता का?' श्रीखंडाचा, आइस्क्रीमचा, औषधाचा कुठलाही रिकामा डबा माझ्याच्यानं टाकवत नाही. पलंगाखाली त्यांची उतरंड लागलीय. हरिपुरात पूर्वी जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं होती, त्यातली बरीच 2005च्या पुरात गेली. त्यावरून हे म्हणतात, "हरिपूरची पेवं गेली, तुझं तेवढं राहिलं." आणि मी सगळीकडे फार लवकर पोचते. कार्याला गेले की मांडववाले अजून झालर लावत असतात. एकदा तर नवरीच्या आईनं मला आचाऱ्याकडची बाई समजून कांदे कुठं ठेवले ते विचारलं. मी दाखवले. मला आधीच माहीत होते. यावर कुणी नाव ठेवलं तर मी गणपतीच्या देवळाकडे बोट दाखवते. आमच्या सांगलीत सगळ्या गावाचा गणपती चतुर्थीला वाजतगाजत येतो, पण देवळातला चोर गणपती त्याच्या आधीच गुपचूप येऊन बसलेला असतो. त्याला कुणी विचारतं का, एवढ्या लवकर कशाला आलात म्हणून?

आवडीचं सांगायची वेळ आली तेव्हा भडंगाचं सांगितलं. आता भडंग सांगलीत कुणाला आवडत नाही? पण माझी खायची रीत वेगळी आहे. डबा उघडायच्या आधी तो उलटा करून ठेवायचा, कारण तिखट, मीठ आणि पिठीसाखर सगळी तळाशी जाऊन बसते. मग सुलटा करून हळूच झाकण काढायचं आणि चुरमुऱ्यांना धक्का न लावता दोन बोटांनी लसूण वेचायचा. सालीसकट ठेचलेला, तेलात कडक झालेला, कडेनं किंचित करपलेला. साल दाताखाली कुरकुरते आणि आतला गर आधी गोडसर लागतो, मग तिखट. घरातल्या बाकीच्यांना बिनलसणाचं भडंग मिळतं आणि त्यांना वाटतं, दुकानदारानं हात आखडता घेतलाय.

शेवटचं सांगू की नको असं झालं होतं. मला पावसाळ्यात आयर्विन पुलावर जाऊन पाणी बघायला आवडतं. गावभागातल्या माणसानं असं म्हणू नये हे मला कळतं. आमच्या भिंतीवर 2005ची रेघ आहे, तिच्या वर 2019ची. त्या वर्षी आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि आम्ही माळ्यावरच्या गाद्यासुद्धा वाचवू शकलो नव्हतो. पण जुलै उजाडला की माझ्या आत काहीतरी जागं होतं. कोयना किती भरली, 105 टीएमसीला अजून किती कमी आहे, दरवाजे किती उचलले, हे मला सकाळी उठल्या उठल्या लागतं. 40 फुटांना इशारा, 45ला धोका. त्या दिवसांत सांगलीत कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नाही. "किती झालं?" "छत्तीस." बस, एवढंच. हे सिलेंडर वर चढवत असतात, धान्याचे डबे माडीवर नेत असतात आणि मी छत्री घेऊन म्हणते, जरा बघून येते. "अगं, थोडं थांब, पाणीच तुला बघायला येतंय," असं ते जिन्यातून ओरडतात. तरी मी जाते. 1929 सालचा तो दगडी पूल, खालून लाल-तपकिरी पाणी, त्यात एखादं आख्खं झाड फिरत जातं आणि कठड्याला टेकून शंभर माणसं गप्प उभी असतात. गर्दी वाढली की पोलीस शिट्ट्या मारून हाकलतात. मी नव्या पुलावरून वळसा घालून पुन्हा येते.

मला वाटलं, आता बायका मला वाळीत टाकणार. पण आख्ख्या खेळात एवढ्या एकाच गोष्टीला कुणी कारण विचारलं नाही. यजमानीणबाई म्हणाल्या, "मी तर मुलाला परीक्षेला सोडायचं सांगून जाते." अबोला न धरणाऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्या जाऊबाई पण असतात तिथं, पलीकडच्या बाजूला." एकीनं तर फोनमध्ये दरवर्षीचे फोटो तारखेनुसार लावलेले निघाले. पूर बघायला आवडणं चालतं. वांगं मात्र खायलाच पाहिजे. पुण्याची सून आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. तिला बहुतेक लग्नाआधी कुणी सांगितलं नसावं.

रात्री जेवताना मी ह्यांना सगळा वृत्तांत दिला आणि म्हटलं, "आता तुम्ही सांगा. एक तरी. अगदी खरं."

"माझं काही नसतं बाबा. मला सगळं चालतं."

"असं नाही. सांगाच."

ते बराच वेळ आमटी ढवळत बसले. मग म्हणाले, "भडंग."

"भडंग काय?"

"नाही आवडत."

गेली कित्येक वर्षं ह्यांच्या मिरजेच्या ऑफिसच्या पिशवीत मी रोज भडंगाचा डबा घालते आणि संध्याकाळी तो रिकामा परत येतो. चाटून पुसून.

"मग डबा रिकामा कसा येतो?"

"शिपायाला देतो. त्याच्या पोरांना लै आवडतं. फक्त लसूण का नसतो म्हणून विचारत होती."

"अहो, पण भडंगात न आवडण्यासारखं आहे काय? तिखट लागतं का? पित्तानं होतंय का तुम्हाला? कुणी काही बोललं का ऑफिसात?"

"नाही गं. नुसतंच आवडत नाही."

"असं कसं नुसतंच आवडत नाही?" मी म्हटलं. "बरं, राहू दे. उद्यापासून अर्धाच डबा देते."