कुणाचा माळ, कसला पडीक!

उन्हाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘आटपाडी, जत, माणमधले माळ पडीक आहेत. मालकांना जमिनीचं मोल नाही. सरकारनं ताब्यात घेऊन झाडं लावावीत.’

आधी ‘पडीक’चं बघू. सात-बारावर पोटखराब लिहिलं म्हणजे जमीन निकामी झाली असं नाही. पीक निघत नाही म्हणून आकारणी नाही, एवढाच तो महसुली हिशोब. आटपाडीकडं आमचे थोरले चुलते, अण्णा, श्रावणापासून माळ राखायचे. बांधावर चुना फासलेले चार दगड मांडले की मेंढकं बाहेरूनच वळायची. कुसळं धरायच्या आत विळे निघायचे, पेंढ्यांची गंजी रचली जायची. पहिला मान खिलार बैलांचा, उरलं तर म्हशीला. गवत निघालं की माळ धनगरांना मोकळा. बदल्यात ते रात्री आमच्या रानात मेंढ्या बसवायचे, लेंडीखत आयतं मिळायचं.

आता ‘मोल नाही’. आमच्याकडची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यापायी देशभर पांगलीत. त्यातल्या एका चुलत्यानं पंचवीस वर्षं माळ ना कसला, ना विकला. माळ गेला तर गावात आपलं काय राहिलं, असं त्याचं म्हणणं. लांडग्यासाठी म्हणून काही त्यानं माळ राखला नाही, तो त्याच्या खिजगणतीतही नाही. पण लांडगा, खोकड तिथंच फिरतात, जमिनीवर घरटं करणारा चंडोलही तिथंच.

झाडं लावायचं तर बोलूच नका. पर्जन्यछायेतल्या या कमी पावसाच्या मुलखात गवत हीच मूळची हिरवळ. तिच्यात चर खणून गिरीपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावली की गवत जातं, आणि उघड्या रानात राहणारे धाविकासारखे पक्षीही जातात.

मेसेजवाल्यांचं एक खरं, माळ कमी होतोय. पण तो मोल कळत नाही म्हणून नव्हे. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, डाळिंबाला पैसा दिसला, जेसीबी आला. अण्णांच्या पोरानंही दोन एकर फोडले. त्याला मी नावं ठेवणार नाही. दावणीला बैलच नाही तर गवत राखायचं कुणासाठी? वरचे तीन एकर मात्र तसेच आहेत. तिथं बिरोबाचं ठाणं आहे, आणि नांगर घालायची त्याची छाती होत नाही.